मी ‘जानकी’ बुडवली त्याची गोष्ट

चहा आधी घ्या. नाही, घ्याच! कारण मी एकदा एक बोट बुडवली होती, खलाशांसकट, आणि ते रिकाम्या पोटी ऐकण्यासारखं नाही.

पोलीस? छे हो, पोलीस कशाला येतील? मी ती पेनानं बुडवली. नववी ‘ब’च्या वर्गात, मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला.

थांबा, नीट सुरुवातीपासून सांगतो.

मी मूळचा माणदेशातला. आमच्याकडे पाणी म्हटलं की ते विहिरीत असतं, आणि बरेचदा तिथंही नसतं. अशा माणसाची मराठीचा शिक्षक म्हणून नेमणूक झाली ती थेट तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या एका गावात. बोईसरला खोली घेतली आणि रोज शेअर रिक्षानं शाळा. जूनमध्ये रुजू झालो. समुद्र या गोष्टीबद्दल ऐकून होतो, म्हणून पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा जाऊन पाहून आलो. दोन्ही वेळा संध्याकाळी, दोन्ही वेळा लांबूनच, छत्री सांभाळत. खाडीच्या तोंडाशी पाण्यातून एका काळ्या खडकाचं नुसतं डोकं वर आलेलं. भोवती पाणीच पाणी! मी मनात म्हटलं, बाप रे, काय खोली असेल इथं!

हे ‘दोनदा’ तेवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर नववी ‘ब’. वर्गात निम्मी मुलं मासेमारी करणाऱ्या घरांतली, काही शेतकऱ्यांची, काही आतल्या पाड्यांवरून चालत येणारी. मुलं गुणी. पण प्रश्न म्हणून विचारायची नाहीत हो! मी जीव तोडून कविता शिकवायचो. नदीची कविता होती. नदी शेवटच्या कडव्यात गप्प होते. मी विचारलं, “का बरं गप्प झाली असेल ती?”

सगळा वर्ग गप्प. नदीसारखाच.

शेवटी मागून उत्तर आलं, “सर, गाईडमध्ये आहे.”

आणि प्रश्न विचारलाच कुणी, तर तो एकच, “सर, हे परीक्षेला येणार का?”

मला रात्रंदिवस एकच ध्यास लागला. या मुलांच्या मनात कुतूहल कसं पेटवायचं? पुढे काय होणार, असं त्यांना कधी वाटणार? शिवाय मी स्वतः लेखक! दोन कथा दिवाळी अंकांत छापून आल्यात माझ्या. ते दोन्ही अंक पुढे बंद पडले, पण त्यात माझा हात नाही.

मग ठरवलं. कथा हा प्रकार शिकवायचा तर कथा आपणच लिहायची. हप्त्याहप्त्यानं वाचायची, ऐन मोक्याच्या जागी थांबायचं आणि मुलांना तडफडत ठेवायचं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत नियम लिहिला, ‘कथेत योगायोगाने काही घडत नाही. जे घडते त्याचे कारण आधीच्या भागात असते.’ मुलांनी वहीत उतरवून घेतला. हा नियम पुढे माझ्याच मानगुटीवर बसणार आहे हे मला कुठं ठाऊक!

कथा कशाची? समुद्राची! दुसरं काय? किनाऱ्यावर राहून मी दुष्काळाची लिहू? कथेत एक जिद्दी तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य माणूस. त्याची बायको वाट बघणारी. सहा खलाशी. आणि एक बोट. बोटीला नाव हवं होतं. मला आठवलं, समुद्र बघायला गेलो तेव्हा वाळूवर प्लॅस्टिक पांघरून एक बोट उभी होती आणि तिच्यावर ताज्या निळ्या रंगात लिहिलं होतं, ‘जानकी’. वा! काय नाव! घेऊन टाकलं. घरांना ‘मातृछाया’ असतं तसं बोटींचंही असेल, दहा-बारा ‘जानकी’ असतील, असा माझा हिशोब.

सोमवारी पहिला भाग वाचला. “पंचक्रोशीत ‘जानकी’सारखी बोट नव्हती…” एवढं वाचलं आणि दुसऱ्या बाकावरून एक हात वर आला. हर्षदा. चुणचुणीत मुलगी. एरवी गप्प असायची.

“सर, जानकी तर आमची—”

“मधे बोलायचं नाही, हर्षदा. उत्कंठा तुटते.”

हात खाली गेला. मी पुढे वाचत गेलो. तांडेल निघाला, बायको म्हणाली नको, आभाळ भरून आलं, आणि मी वही मिटली.

वर्गात काय झालं असेल सांगा? गलका! “सर, पुढे?” “सर, तो परत येतो का?” “सर, बायकोला कसं कळलं आधीच?” अहो, प्रश्न! नववी ‘ब’ला प्रश्न पडले होते! मी त्या आनंदात डबा शाळेतच विसरून आलो.

बुधवारी दुसरा भाग. बोट काळ्या खडकाजवळ आली. पुन्हा दुसऱ्या बाकावर हात.

“सर, काळा खडक म्हणजे आपल्या खाडीच्या तोंडावरचा तोच ना?”

“कथेतला खडक कथेतला असतो.”

“पण सर, तिथं तर—”

“हर्षदा! कथा ऐकताना कल्पनेनं ऐकायचं. तिथं तर, इथं तर करायचं नाही.”

हात खाली.

आता मला ठाऊक नसलेली गोष्ट ऐका. पावसाळ्यात बोटी बंद असतात. त्या दिवसांत घराघरांच्या ओट्यावर जाळी पसरून बसतात, तांडेल, त्याचे खलाशी, घरातल्या बायका, सगळे. फाटलेली जाळी सांधायची. हात कामात, कान मोकळे. हर्षदा शाळेतून घरी गेली की आजी म्हणायची, “हां, मास्तरनं काय वाचला आज?” आणि ती पोर माझा हप्ता शब्दन्‌शब्द ऐकवायची. शेजारच्या ओट्यावरचे लोक आपली जाळी उचलून त्यांच्या ओट्यावर यायला लागले. तिथून गोष्ट सुकी मासळी विकायला बोईसरच्या बाजारात जाणाऱ्या बायकांच्या टोपल्यांबरोबर निघाली.

मला याचा पत्ता लागला तो रिक्षात. माझा रोजचा रिक्षावाला उत्तरेकडचा. सहसा बोलायचा नाही. गुरुवारी आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, “मास्टरजी, वो नाव डूबेगी क्या?”

“कौन सी नाव?”

“जानकी! कल मच्छीवाली मौसी लोग बात कर रही थीं. हमको तो नींद नहीं आयी.”

मी काय सांगू तुम्हाला! छातीत कसं झालं माझ्या! दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला आजवर एक पोस्टकार्ड पाठवलेलं नाही, आणि इथं एका माणसाची झोप उडाली होती. मी गूढ हसलो. म्हटलं, “देखते हैं.”

खरं सांगतो, तोवर बोट बुडवायची की नाही हे माझं ठरलेलं नव्हतं. त्या क्षणी ठरलं. बुडवायची! थोर कथा दुःखान्तच असते. लोकांनी डोळे पुसत म्हटलं पाहिजे, काय लेखणी आहे मास्तरांची!

शुक्रवारी बुडवली. काय लिहिलं होतं म्हणून सांगू! “सांज उतरत होती. ओहोटी लागली होती, जणू समुद्र आपला श्वास आत ओढून घेत होता. काळ्या खडकापाशी ‘जानकी’ एकदा करकरली, आणि मग त्या अथांग, तळ न लागणाऱ्या पाण्यानं सात माणसांना पोटात घेतलं.” एक मुलगी ओढणीनं डोळे पुसत होती. आणि दुसऱ्या बाकावर एक हात वर.

मी नुसती मान हलवली. अशा क्षणी प्रश्न? औचित्य म्हणून काही असतं की नाही?

त्या दिवशी मी शाळेतून निघालो तो जमिनीपासून वीतभर वरून.

शनिवारी सकाळची शाळा. पहिला तास संपतो न संपतो तोच शिक्षकांच्या खोलीच्या दारात एक आजीबाई उभ्या. ठसठशीत कुंकू, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, आणि नजर अशी की भूगोलाच्या सरांनी आपणहून खुर्ची दिली. मागे एक उंच माणूस अवघडून उभा, आणि त्याच्याही मागे हर्षदा.

“मराठीचा मास्तर कोन?”

मी लगबगीनं उठलो. वाचक आला होता हो! चालत! “मीच आजी. या ना, बसा.”

“बसायला नाय आले. मी जानकी.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “कोनी बुडवली मला?”

भूगोलाच्या सरांचा चहा ओठांपाशीच थांबला होता.

मग उलगडा झाला. बोट या आजींच्या नावाची. मागे उभा तो त्यांचा मुलगा मोरेश्वर, म्हणजे हर्षदाचे वडील, त्या बोटीचे तांडेल. नारळी पौर्णिमेला नऊ दिवस राहिलेले. त्या दिवशी दर्याला नारळ द्यायचा आणि मोसमाची पहिली फेरी काढायची. आणि काल संध्याकाळी हर्षदानं ओट्यावर शेवटचा भाग सांगितल्यावर चारही खलाशांनी सुया खाली ठेवल्या होत्या.

“लक्षा बोलला, बुडलेल्या बोटीवर मी नाय चढनार,” आजी म्हणाल्या. लक्षा म्हणजे त्यांचा जुना खलाशी, विक्रमगडकडच्या डोंगरातला.

“अहो पण ती कागदावर बुडाली!”

“तेच मी बोलले त्याला. तर तो बोलतो, कागदावर झाली तरी मोसमाच्या तोंडावर झाली. नाव हेच, खडक हाच, आनी कोनी वाचला नाय. चौघांनी पिशव्या भरून ठेवल्यात.”

मी समजावायला गेलो. काय काय बोललो मी! कल्पित आणि वास्तव, करुणरस, दुःखातून मनाची होणारी शुद्धी… आजी शांतपणे ऐकून घेत होत्या. मी दम घ्यायला थांबलो तशा म्हणाल्या, “तुमच्या गावाला हाय का नदी?”

“नाही. विहीर आहे.”

“मंग विहिरीत बुडवायची कोनाला तरी. आमच्या दारात कशाला आलात?”

मी मोरेश्वरभाऊंकडे पाहिलं. हातांवर त्या निळ्या रंगाचे डाग अजून होते. दोन महिने त्या माणसानं बोट घासली होती, रंगवली होती, आईचं नाव स्वतःच्या हातानं काढलं होतं, आणि मी ते रिक्षातून उतरून, छत्रीखालून वाचून उचललं होतं. मला लाज वाटली. खरी लाज, कानशिलं गरम होतात ती. पौर्णिमेला बाकीच्या बोटी निघणार आणि यांची एकटी किनाऱ्याला राहणार, माझ्या वाक्यांपायी.

“काय करू मी?” मी विचारलं.

“आना वर,” आजी म्हणाल्या.

आमच्या मुख्याध्यापिकाबाई तोवर दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, सोमवारच्या तासाला ती बोट वर घ्या.” जणू मुलांच्या वह्या तपासून परत द्यायच्या होत्या! मग जाता जाता थांबल्या. “आणि त्या बायकोला आधी कसं कळलं होतं, ते पण सांगा. मला राहून राहून वाटतंय.”

म्हणजे बाईसुद्धा!

सोमवारी मी वर्गात गेलो तो शेवट बदलून. “आणि तेवढ्यात एक प्रचंड लाट आली, आणि तिनं ‘जानकी’ला अलगद वर—”

“सर, योगायोग!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला. बोटं फळ्याकडे.

“बरं. तांडेल दचकून जागा झाला. ते सगळं स्वप्न—”

“सर, स्वप्न म्हणजे लेखकाची पळवाट. तुम्हीच सांगितलंत. वहीत आहे.”

“एक मोठं जहाज तिथून चाललं होतं.”

“आधीच्या भागात जहाज नव्हतं, सर.”

काय दिवस आले होते पाहा! ज्या वर्गाला नदी का गप्प झाली याचं सोयरसुतक नव्हतं, तो वर्ग आता कार्यकारणभावावर माझी उलटतपासणी घेत होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला होता. आणि दुसऱ्या बाकावर पुन्हा तो हात!

“नंतर, हर्षदा! आधीच डोकं फिरलंय माझं!”

परत जाताना रिक्षावाला म्हणाला, “मास्टरजी, हेलिकॉप्टर भेज दीजिए.” मी त्यावर खरोखर विचार केला. उमरोळीला राहणाऱ्या आमच्या भूगोलाच्या सरांनाही विचारलं. ते म्हणाले, “मला साहित्यातलं कळत नाही, पण माणसं पाण्याखाली किती वेळ आहेत?” शुक्रवारपासून, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि नकाशा गुंडाळायला लागले.

रोज एक नवा शेवट लिहायचो आणि रोज वर्ग तो परत पाठवायचा. पौर्णिमा तीन दिवसांवर आली तेव्हा मी हात टेकले. शाळा सुटल्यावर हर्षदाबरोबर तिच्या घरी गेलो. ओट्यावर जाळी पसरलेली, पण सुया स्वस्थ. चार खलाशी भिंतीला टेकून बसलेले. प्रत्येकाच्या शेजारी भरलेली पिशवी. कडेचा दाढीवाला लक्षा असणार, कारण बाकीचे तिघं त्याच्याकडे बघत होते.

मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “मला शेवट सुचत नाही. बोट बुडवायला पाच मिनिटं लागली, वर काढायला जमत नाही. माझं चुकलं.”

मग आजींनी पान तोंडात सरकवलं आणि म्हणाल्या, “वाचून दाखव पाहू. पोरीच्या तोंडून अर्धा-मुर्धा आयकला. तुज्या तोंडून आयकते.”

‘तुमी’वरून ‘तू’वर आल्या होत्या. मला बरं वाटलं की भीती वाटली, सांगता येणार नाही. वही उघडली. “सांज उतरत होती. ओहोटी लागली होती, जणू समुद्र—”

“थांब. काय लागली होती?”

“ओहोटी.”

“सुकती?” लक्षा भिंतीवरून पाठ सोडून ताठ बसला.

“हो, तीच. म्हणजे वातावरणनिर्मितीसाठी…”

“आनी कुठं बुडली?”

“काळ्या खडकापाशी. अथांग, तळ न लागणाऱ्या पाण्यात.”

आजींनी लक्षाकडे पाहिलं. लक्षानं मोरेश्वरभाऊंकडे. मोरेश्वरभाऊंनी आढ्याकडे पाहिलं आणि खोकल्यासारखं काहीतरी केलं.

“मास्तर, उठ,” आजी म्हणाल्या.

“कुठं?”

“बुडालेली मानसा बघायला.”

आमची वरातच निघाली. पुढे आजी, मागे मी, माझ्यामागे खलाशी, मोरेश्वरभाऊ, हर्षदा आणि वाटेतल्या सगळ्या ओट्यांवरचे लोक. खाडीच्या तोंडाशी पोचलो आणि मी बघतच राहिलो.

समुद्र नव्हता!

म्हणजे होता, पण लांब, तिकडे क्षितिजाजवळ एक रुपेरी रेघ. मधे सगळा चिखल आणि वाळू. आणि काळा खडक? तो पायथ्यापर्यंत उघडा, चांगला दोन पुरुष उंच! त्याच्या बुंध्याशी साड्या खोचून तीन बायका कालवं काढत बसल्या होत्या. ज्या अथांग पाण्यानं माझी सात माणसं पोटात घेतली होती, त्यातून एक कुत्रं खडकाला वळसा घालून ऐटीत चाललं होतं. पोटाला पाणी न लागता.

“हे… हे पाणी कुठं गेलं?” मी विचारलं.

तुम्ही हसा. ते पण हसले. लक्षा तर वाळूत बसून हसला. तीन वर्षांचं पोरही हसलं.

“रोज जाते, मास्तर. दोनदा,” आजी म्हणाल्या. “रोज येते. दोनदा. तू कवा बघितला होतास?”

“दोनदा,” मी म्हटलं.

पंधरा दिवसांच्या अंतरानं, त्याच वेळेला! हर्षदानं तिथंच समजावून सांगितलं मला. पंधरा दिवसांनी भरतीची वेळ फिरून तीच येते म्हणे. मी जाऊन जाऊन दोन्ही वेळा भरतीलाच गेलो होतो.

“सुकतीला इथं गुडघाभर पानी ऱ्हाते,” लक्षा डोळे पुसत म्हणाला. “इथं कोन बुडनार? खाली उतरायचं नि चालत घरी जायचं.”

मी हर्षदाकडे वळलो. ती बिचारी अगदी नम्रपणे म्हणाली, “सर, मी तेच सांगत होते. तिथं तर पाणीच नसतं, म्हणून.”

चार वेळा हात वर केला होता त्या मुलीनं. चार वेळा! मुलं प्रश्न विचारत नाहीत म्हणून जो माणूस गावभर रडत होता, त्यानं चारही वेळा तो हात खाली करायला लावला होता.

शेवट मी तिथंच खडकाला वही टेकवून लिहिला. “बोट करकरली. खलाशांनी देवाचं नाव घेतलं. तेव्हा तांडेल म्हणाला, आरडू नका, खाली उतरा. सगळे उतरले. पाणी गुडघ्याला लागत होतं. सातही जण चालत घरी आले. बायको दारात उभी होती. तिला आधीपासून ठाऊक होतं, कारण तिला भरती-ओहोटीच्या वेळा ठाऊक होत्या.”

दुसऱ्या दिवशी वर्गात वाचला. वर्गानं माझी वही मागून घेतली, आधीचा भाग पाहिला. ‘ओहोटी लागली होती.’ कारण आधीच्या भागात आहे! योगायोग नाही! टाळ्यांचा कडकडाट. एक जण म्हणाला, “सर, म्हणजे तुम्ही पहिल्यापासून ठरवलं होतंत?”

मी हर्षदाकडे बघितलं. ती वहीत काहीतरी लिहीत होती.

“हो,” मी म्हटलं.

काय करता! लेखक आहे मी.

तर असं वाटलं होतं की संपलं. पण लक्षाची एक अट राहिली होती. तो म्हणाला, शेवट मान्य हाय, पन बोट ज्यानं बुडवली त्यानं पयला पाय ठेवावा, म्हंजे मनातला किडा जाईल. मोरेश्वरभाऊ संकोचून म्हणाले, “सर, नुसता पाय ठेवा. लगेच उतरा.” मी म्हटलं, नुसता पाय का? चांगला चढून उभा राहतो! पहिल्या फेरीला खडकापर्यंत येतो! आता एवढी इभ्रत गेल्यावर थोडी तरी परत नको का आणायला?

पौर्णिमेला मी नवा सदरा घालून हजर. ‘जानकी’ खाडीत उभी, पताका लावलेली, निळं नाव चमकतंय. रिक्षावालासुद्धा रिक्षा बाजूला लावून आला होता. अर्धी नववी ‘ब’ काठावर. मी खाली न बघताच शिडी चढलो, उजवा पाय ठेवला, वर गेलो, आणि मधला खांब दोन्ही हातांनी कवटाळला. खाली बघायचं नाही असं ठरवून डोळे घट्ट मिटले.

बोट हलली. डावीकडे, मग उजवीकडे. विहिरीचा माणूस मी! पण खांब सोडला नाही. दात आवळले. लोकांचे आवाज बारीक होत गेल्यासारखे वाटले. बोट पुन्हा हलली, या वेळी चांगलीच. आलो आपण समुद्रात, मी मनात म्हटलं. एवढ्या लोकांनी आपल्याला निघताना पाहिलं. हर्षदानं पाहिलं. मला गहिवरून आलं.

“आजी,” मी डोळे मिटूनच ओरडलो, “खडक गेला का मागे?”

“मास्तर,” खालून, अगदी जवळून आजींचा आवाज आला, “डोले उघड बाबा. पानी यायला अजून तासभर हाय. लक्षा बर्फाच्या पेट्या चढवतोय, त्यानं हलते ती.”

मी डोळे उघडले. ‘जानकी’ चिखलात होती तिथंच टेकलेली. शिडी होती तिथंच. आणि शिडीच्या पायाशी हर्षदा उभी होती, कधीपासून कोण जाणे, हात वर करून.